चार मिनिटांत श्रद्धांजली

सुहास आजगेकरचा परतीचा व्हिसा १९ जून २०३४ रोजी, सोमवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी रोखला गेला. कारणाच्या रकान्यात त्याचं नाव नव्हतं. त्याच्या वडिलांचं होतं.

संदेश आला तेव्हा सुहास गडहिंग्लजला वडिलांच्या घरी होता आणि आईच्या वर्षश्राद्धासाठी शेजारून आणलेली पातेली परत करत होता. अकरा दिवसांची रजा काढून तो आला होता. मोठ्या बंदरावरच्या क्रेन माणसाशिवाय चालवणारी नियंत्रण यंत्रणा सांभाळणं हे त्याचं काम. सहा वर्षं तो त्या देशात होता. बायको केतकी आणि चार वर्षांची मुलगी जाई तिकडेच राहिल्या होत्या, कारण जाईला प्रवासाची मनाई होती. तिला जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागू नये म्हणून तिच्यावर जनुकीय उपचार सुरू होते. त्यांचे टप्पे तीन, त्यातले दोन झालेले. तिसरा ९ ऑक्टोबरला ठरला होता. उपचाराचा हक्क सुहासच्या नोकरीला बांधलेला होता आणि नोकरी व्हिसाला. सप्टेंबरअखेर तो परतला नाही, तर केतकी आणि जाईलाही देश सोडावा लागणार होता.

त्या देशाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. पुढच्या दोन वर्षांत आणखी अकरा देशांनी तीच पद्धत घेतली.

दुसऱ्या दिवशी सुहास कोल्हापूरला अॅड. नंदिता पोवार यांच्याकडे गेला. शाहूपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात अशी चाळीसेक प्रकरणं होती. त्यांनी अकरा पानांचा अहवाल छापून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं सगळं स्वच्छ आहे. सहा वर्षांत तुम्ही काही लिहिलेलंच नाही. मुलीचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"मग अडलंय कुठे?"

"तुम्ही काय लिहिता ते आता कुणी फारसं बघत नाही. सगळेच सावध झालेत ना."

हे सावधपण हीच तर सुरुवात होती. पूर्वी अर्जदाराची समाजमाध्यमांवरची खाती तपासत. अर्जदार शहाणे झाले, खाती धुऊन-पुसून अर्ज करू लागले. मग दोन संशोधकांनी एक कोटी चाळीस लाख खात्यांचा अभ्यास केला. माणूस पाच वर्षांनी काय मत मांडेल, कुणाच्या बाजूला उभा राहील, याचा अंदाज त्याच्या स्वतःच्या लिखाणावरून शंभरातल्या एकावन्न वेळा बरोबर येत होता. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा. तोच अंदाज त्याच्या तीन सर्वांत जवळच्या नातेवाइकांच्या लिखाणावरून बांधला, तर ब्याऐंशी वेळा बरोबर येत होता. माणूस स्वतःवर पहारा ठेवतो, पण त्याची मावशी, मेहुणा आणि वडील ठेवत नाहीत. या शोधावर जे यंत्र उभं राहिलं, त्याच्या उत्तराला अधिकृत नाव होतं निकटता निर्देशांक. वकिलांच्या ऑफिसांत त्याला नुसतं 'आकडा' म्हणत.

दुसरा शोध पहिल्यापेक्षा बारीक होता. सगळ्या प्रतिक्रिया सारख्या वजनाच्या नसतात. अंगठा दाखवायला काही लागत नाही. हसणारा चेहरा सवयीने पाठवला जातो. आनंदात माणसं सर्रास खोटं बोलतात. दुःखात मात्र कमी खोटं बोलतात. कुणाच्या मृत्यूवर माणूस काय लिहितो आणि मृत्यूनंतर किती मिनिटांनी लिहितो, यावरून दोघांमधलं अंतर जितकं अचूक मोजता येतं, तितकं दुसऱ्या कशावरूनही येत नाही. म्हणून यंत्रात शोकाला साध्या पसंतीच्या चाळीस पट भार दिला गेला. अर्ध्या तासाच्या आत केलेल्या शोकाला त्याच्याही दुप्पट. ज्या लोकांवर हा अभ्यास झाला, ते आयुष्यात सरासरी सात माणसांसाठी जाहीर शोक करत.

"तुमच्या वडिलांनी," पोवार बाईंनी पान उलटलं, "नऊ वर्षांत दोन हजार तीनशे सोळा माणसांसाठी केलाय. मला आधी छपाईची चूक वाटली."

चूक नव्हती. सुहासचे वडील तुकाराम आजगेकर, म्हणजे आण्णा, नगरपरिषदेत एकतीस वर्षं जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावर होते. गावात कुणी गेलं की पहिला फोन त्यांना यायचा. ऑफिस सुटलं की ते चौकात जायचे आणि पत्र्याच्या छपराखालच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे : नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ, एक चांगला शब्द आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. निवृत्तीनंतरही फोन येत राहिले आणि फळाही चालू राहिला. नऊ वर्षांपूर्वी सुहासनेच समाजमाध्यमावर त्याचं एक पान उघडून दिलं होतं, पुण्यामुंबईला असलेल्या गावकऱ्यांना कळावं म्हणून. आण्णा फळ्यावर लिहीत, फोटो काढत आणि पानावर टाकत. बातमी त्यांनाच सर्वांत आधी कळत असल्यामुळे त्यांचा शोक नेहमी दहा मिनिटांच्या आत असे.

यंत्राच्या दृष्टीने त्या म्हाताऱ्याची दोन हजार तीनशे सोळा जिवलग माणसं मेली होती.

"त्यातला एक," पोवार बाई म्हणाल्या, "संदेश प्रभाकर तेली. वय एकोणतीस. ओळखत होतात?"

"नावाने. आमच्याच गल्लीतला. तिकडेच कामाला होता."

"तिकडच्या बंदरात संप झाला तेव्हा यानं क्रेनची यंत्रणा बंद पाडली, असा आरोप. कोठडीत वारला. त्यांच्या धोकादायक माणसांच्या यादीत तो पहिल्या वर्गात आहे. तुमच्या वडिलांनी त्या पोराच्या बापाचा फोन आल्यापासून चौथ्या मिनिटाला लिहिलंय. 'गुणी पोरगा गेला.' आणि तुम्ही काम करता बंदरातल्या क्रेनवर."

सुहासने पान काढून टाकण्याबद्दल विचारलं. प्रती त्यांच्याकडे आहेत, पान काढलं तर ते लपवणं धरतात, असं पोवार बाईंनी सांगितलं. खुलासा लिहून दिला तर? तो पढवलेला समजतात. एकदाच फेरतपासणी मागता येते, एकवीस दिवसांनी. तोवर वडिलांनी निदान नवीन काही लिहू नये.

घरी आला तेव्हा सोप्यात आण्णांचे मित्र बाबूराव मगदूम बसले होते. एसटीतले निवृत्त कंडक्टर, रोज चारच्या चहाला येणारे. सुहासने सगळं सांगितलं. आण्णांनी अहवाल हातात घेतला, लांब धरला आणि परत दिला.

"तेल्याच्या संदेशचं व्हय? बाप फोनवर रडत हुता त्येचा. काय लिवायचं हुतं मी? गुन्हेगार मेला म्हणून?"

"पण गुणी कशाला लिहिलंत, आण्णा?"

"सगळ्यांनाच लिवतोय की. वेशीजवळचा पांडू, जन्मभर बायकोला मारलं, त्येलाबी 'मनमिळाऊ' लिवलं. मेलेल्या माणसाचं फळ्यावर आणि काय लिवत्यात?"

मगदूम बशीतला चहा संपवत म्हणाले, "माझं लिवताना तेवढं इचार करून लिव हां. मनमिळाऊ नको. आमच्या घरात कुणाला पटायचं न्हाई."

आण्णा हसले नाहीत. "पोरीची सुई कधी हाय?"

"नऊ ऑक्टोबर."

"मग झालं की. फळा बंद."

"बंद म्हंजे?" मगदूम म्हणाले. "आरं, सातासमुद्रापल्याड बसून आपला फळा कोण वाचतंय? वकील लोक भ्या घालत्यात. फी लागती त्यांस्नी."

"वाचत्यात म्हणतोय न्हवं पोरगा," आण्णा म्हणाले आणि कप विसळायला आत गेले.

फळा कोरा राहिला. पहिल्या आठवड्यात गावात तिघे गेले. लोक येऊन विचारायचे, आण्णा बरं नाही का? आण्णा म्हणायचे, हात दुखतो. दुसऱ्या कुणी खडू हातात घेतला नाही. ते काम आण्णांचं आहे, ते बरे झाले की लिहितील, असं प्रत्येकाला वाटत होतं.

५ जुलैला दुपारी मगदुमांची बायको शालन गेली. हृदयविकार, दवाखान्यात न्यायच्या आधीच. फोन सवयीप्रमाणे आण्णांनाच आला. आण्णा आणि सुहास दोघंही धावले. आण्णांनी तिरडी बांधली, खांदा दिला, सरण रचताना पुढे होऊन लाकडं लावली. स्मशानातून परतताना मगदूम चौकात थांबले. त्यांच्यामागे वीस-पंचवीस माणसं थांबली. मगदुमांनी फळ्याकडे पाहिलं.

"आण्णा, लिवलं न्हाईस."

आण्णा खांद्यावरचा टॉवेल सारखा करू लागले.

"चाळीस वरसं तिच्या हातचं खाल्लंस. वहिनी गेली तवा सहा महिनं तुज्या घरात डबा कुणी दिला?"

"बाबू, तुला म्हाईत हाय. तुज्यासमोर बोलनं झालं."

"म्हाईत हाय. पर ही काय तेल्याचा पोरगा हाय? शालन मगदूम. तिनं कुटलं बंदर बंद पाडलं? दोन वळी महाग झाल्या व्हय रं तुला?"

सुहास पुढे झाला. "काका, दोष माझा आहे. आण्णांना मीच..."

"तू गप बस. तुज्या पोरीला काय हुऊ नये ही माझीबी विच्छा हाय. शालननं नवस बोललाय तिच्यासाटी." ते परत फळ्याकडे वळले. "पर फळा कोरा ठिवलास आण्णा. भिकाऱ्याचं लिवलंस तू. माझ्या बायकोचं न्हाई."

ते निघून गेले. आण्णा तिथेच उभे होते. खडूची पेटी छपराखाली नेहमीच्या जागी होती. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही, कारण सुहास त्यांच्याकडे पाहत होता. त्या दिवसापासून मगदूम चहाला आले नाहीत.

फेरतपासणीचा निकाल १२ जुलैला आला. आकडा आणखी बिघडला होता. पोवार बाईंनी तो फोनवरच वाचून दाखवला.

नऊ वर्षांत ज्या घराशी आण्णांचे सर्वांत जास्त फोन, फोटो आणि भेटी होत्या, ते मगदुमांचं घर होतं. यंत्राच्या हिशेबाने शालन मगदूम यांच्या मृत्यूनंतर शोक येण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णवच्या वर होती. तो आला नाही. अहवालात लिहिलं होतं : 'सूचनेनुसार वर्तन. कुटुंब माहिती नियंत्रित करण्यास सक्षम व तयार.'

"म्हणजे त्यांनी लिहिलं असतं तर?" सुहासने विचारलं.

"तर शोकांची संख्या आणखी एकाने वाढली असती. त्यानं फारसा फरक पडला नसता."

"म्हणजे लिहायला हरकत नव्हती?"

पलीकडे कागद मिटल्याचा आवाज आला. "मी तुम्हाला तेव्हा जे माहीत होतं ते सांगितलं, आजगेकर."

हे सुहासने आण्णांना सांगितलं नाही. निकाल नकारात्मक आला, एवढंच सांगितलं.

आता एकच मार्ग उरला होता, विच्छेद निवेदन. अर्जदाराने एखाद्या नातेवाइकाला पाच वर्षांसाठी नात्याबाहेर काढायचं. मग त्या नातेवाइकाचा भार शून्य धरला जातो. अट अशी की पाच वर्षं भेट नाही, फोन नाही, पत्र नाही, वस्तू नाही आणि तिसऱ्या माणसाकरवी निरोपही नाही. जोडीदार आणि अल्पवयीन मुलांनाही तेच लागू. पहिले साठ दिवस निरीक्षणाचे. मोडलं, तर कायमची बंदी.

संध्याकाळी केतकीचा व्हिडिओ कॉल आला. जाई मांडीवर होती. तिने नवीन बूट दाखवले आणि विचारलं, "आजोबा कुठे?" आण्णा आले. दर रविवारी ते तिला एक प्राणी काढून दाखवत. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी त्यांनी कॅलेंडरच्या मागे म्हैस काढली. जाई म्हणाली, हा कुत्रा आहे. आण्णा म्हणाले, व्हय गं, शिंगवाला कुत्रा. ती खिदळली. मग ते आत गेले.

"तू बोललास त्यांच्याशी?" केतकीने हळूच विचारलं.

"नाही. कसं बोलू? आई गेली, मित्र तुटला, आता मीही सांगू की निवेदनावर सही करा, पाच वर्षं..."

"सुहास, तिचं हिमोग्लोबिन काल सात आलंय. डॉक्टर म्हणाले, तिसरा डोस चुकला तर पहिले दोन वाया. मला आणखी काही कळत नाही. तू ये." ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

आण्णांनी ते आतून ऐकलं होतं. जेवताना ते म्हणाले, "कागूद कुठं सही करायचा आसतोय?"

"कोल्हापुरात. पण आण्णा, पाच वर्षं..."

"म्या हिशोब केलाय. अठ्ठ्याहत्तरचा हुईन. आमच्या घराण्यात पंच्याऐंशीच्या आत कोण जात न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "तुजी आई सोडून."

"तुम्हाला काही झालं तर मला कळणारसुद्धा नाही."

"मग काय आडतंय? कळून तू काय करनार? आग लावायला गल्लीत पोरं हाईत." त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत कुस्करला. "तुज्या आईनं इचारलं आसतं मला, की नातीपेक्षा तुमचा फोन मोठा हाय का? जेव गप."

१७ जुलैला दोघं सकाळच्या एसटीने कोल्हापूरला गेले, एका बाकावर. संकेश्वरपर्यंत आण्णा झोपले होते. पोवार बाईंच्या ऑफिसात दोन साक्षीदार होते. सुहासने चौदा ठिकाणी सह्या केल्या. आण्णांनी एकाच ठिकाणी, 'नोटीस मिळाली' या शब्दांखाली. सही त्यांनी नेहमीसारखी केली, नगरपरिषदेच्या दाखल्यावर करायचे तशी, खाली तारीख घालून.

"अकरा चाळीस," पोवार बाई घड्याळाकडे पाहत म्हणाल्या. "इथून सुरू होतं. दोघांचे फोन दोनशे मीटरच्या आत राहता कामा नयेत. एकाने आता निघावं."

"आत्ता?" सुहास म्हणाला. "त्यांना स्टँडवर तरी..."

"आत्ता."

आण्णा उठले. पिशवीतून डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, दोघांच्या जेवणाचा. पोवार बाईंनी मान हलवली. वस्तू चालत नाही. आण्णांनी डबा परत पिशवीत टाकला आणि एका साक्षीदाराला विचारलं, "तुमी जेवलाय का?" तो गोंधळला. "जाऊ दे," आण्णा म्हणाले आणि जिना उतरले. सुहासकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहणं नियमात बसतं का, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि त्यांना धोका पत्करायचा नव्हता.

सुहास दोन महिने कोल्हापुरात लॉजवर राहिला. गाव साठ किलोमीटरवर होतं. १८ सप्टेंबरला व्हिसा मिळाला. ९ ऑक्टोबरला तिसरा डोस झाला. डिसेंबरपासून जाईला रक्त चढवावं लागलं नाही. केतकीने आण्णांचे आणि सासूबाईंचे फोटो फोनमधून, घरातून, क्लाउडवरच्या साठ्यातून काढले, कारण साठवलेला फोटोही संपर्कात मोडतो का, याचं स्पष्ट उत्तर नियमांत नव्हतं. पहिले काही रविवार जाईने आजोबांबद्दल विचारलं. तिला सांगितलं, तिकडची लाइन बिघडली आहे. तिने काही दिवस लाइन दुरुस्त झाली का म्हणून विचारलं. मग शाळा सुरू झाली.

विच्छेद पाळला जातोय का, याचा दरवर्षी आढावा असे. सहा वर्षांखालच्या मुलांना त्यात बोलवत नसत. सप्टेंबर २०३६ मध्ये जाई सहा पूर्ण होती.

खोली स्वच्छ होती, भिंतीवर फुलपाखरं लावलेली. अधिकारी बाई मुलांशी बोलायचं प्रशिक्षण घेतलेली होती. तिने जाईला खुर्ची उंच करून दिली आणि सांगितलं, पडद्यावर सहा चेहरे येतील. ओळखीचा वाटला तर हो म्हणायचं, नाहीतर नाही. उत्तराला फार महत्त्व नव्हतं. ओळखीचा चेहरा दिसला की डोळ्याची बाहुली पाव सेकंदाच्या आत किंचित मोठी होते. हे कुणालाच रोखता येत नाही, मुलांना तर नाहीच. पडद्यावरचा कॅमेरा तेच मोजत होता. सुहास आणि केतकीला मागच्या भिंतीशी, पडद्याकडे पाठ करून बसवलं होतं. पण समोरच्या खिडकीच्या काचेत पडदा दिसत होता.

पहिली जाईची शिक्षिका. "हो." दुसरा कुणी अनोळखी. "नाही." तिसरी शेजारीण. "हो." चौथा, "नाही."

पाचवे आण्णा होते. फोटो जुना होता, पानावरचा. ते आज हयात आहेत की नाहीत, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता. केतकीने सुहासच्या मनगटावर हात ठेवला. बाहुली मोठी झाली, तर सगळं संपत होतं. जाईच्या उपचारानंतरच्या तपासण्या, नोकरी, घर. सुहास एकच गोष्ट मागत होता आणि काय मागतोय ते त्याला कळत होतं.

जाईने फोटो नीट पाहिला. डोकं तिरकं करून पाहिला.

"नाही," ती म्हणाली.

सहाव्यालाही नाही म्हणाली. अधिकारी बाईने आपल्या पडद्यावरच्या रेषा पाहिल्या आणि दिलखुलास हसली. "अभिनंदन. तुमची मुलगी अगदी खरं बोलते."

केतकी बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिथून उठेना. सुहास जाईला घेऊन पाणी आणायला लिफ्टने खाली निघाला. जाई आरशात आपल्या पडलेल्या दाताची जागा पाहत होती.

"बाबा, ते पाचवे आजोबा कुणाचे होते?"

"माहीत नाही," सुहास म्हणाला. लिफ्टमध्येही कॅमेरा होता.